आधी मंजुरी, मग खर्च: आयर्लंडमध्ये नोकरी, प्रशिक्षण आणि छोट्या धंद्यासाठी सरकारी मदत कशी घ्यावी

आयर्लंडमध्ये नोकरी गेलेल्या माणसाला, नवं काम शिकू पाहणाऱ्याला आणि गावात छोटा धंदा उभा करणाऱ्याला सरकारकडून चांगली मदत मिळते. अडचण एवढीच की ती एका खिडकीवर मिळत नाही. भत्ते समाजकल्याण खात्याच्या इंट्रिओ कार्यालयांतून मिळतात. कौशल्य शिक्षण सोलास ही संस्था आणि तिच्या हाताखालचे १६ प्रादेशिक शिक्षण-प्रशिक्षण मंडळं बघतात, ज्यांना सगळे ईटीबी म्हणतात. धंद्याची मदत काउंटी कौन्सिलांमधल्या ३१ लोकल एंटरप्राइझ ऑफिसांतून येते, त्यांना इथे लिओ ऑफिस म्हणतात. परदेशी माणसाच्या डोक्यावर वर्क पर्मिट आणि इमिग्रेशन ही आणखी दोन खाती असतात.

ही सगळी खाती एका गोष्टीवर ठाम आहेत: क्रम. अमुक दिवसांच्या आत कळवा, आधी मंजुरी घ्या, मग सुरुवात करा, मग बिल दाखवा. पात्र माणसाच्या हातातोंडाशी आलेली मदत जाते ती बहुतेक वेळा इथेच. म्हणून खालची माहिती योजनांच्या यादीसारखी न मांडता, कुठल्या दिवशी काय करायचं या हिशेबाने मांडली आहे.

सगळ्यात आधी आयआरपी कार्डावरचा (आयरिश निवास परवान्यावरचा) स्टॅम्प बघा

आयरिश किंवा युरोपीय नागरिकाला हा भाग लागू नाही. पुण्या-मुंबईहून आयटीत आलेले, नर्सिंगसाठी आलेले आणि त्यांचे जोडीदार यांनी मात्र इथूनच सुरुवात करावी.

स्टॅम्प १ म्हणजे एम्प्लॉयमेंट पर्मिटवरची नोकरी. पर्मिटवर नाव असलेल्या मालकाकडे, त्या कामासाठीच. स्वतःचा धंदा करता येत नाही, अगदी शनिवार-रविवारीही. स्टॅम्प १जी पर्मिटधारकाच्या जोडीदाराला मिळतो. त्यावर कुठेही नोकरी करता येते, वेगळं पर्मिट लागत नाही, पण स्वयंरोजगार चालत नाही. घरून डबे पुरवणं, ऑर्डरचे मोदक-करंज्या विकणं हाही स्वयंरोजगारच. अन्नधंदा म्हणून नोंदणी करून घेतली तरी इमिग्रेशनची अट त्याने सुटत नाही, आणि हा भंग पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आडवा येऊ शकतो. स्टॅम्प ४ मिळाला की नोकरी, धंदा, दोन्ही मोकळं. क्रिटिकल स्किल्स पर्मिटवर २१ महिने काम झाल्यावर स्टॅम्प ४ साठी अर्ज करता येतो, जनरल पर्मिटवर ५७ महिन्यांनी.

म्हणजे धंदा काढायचा विचार असेल आणि क्रिटिकल स्किल्स पर्मिटवर १८ महिने झाले असतील, तर तीन महिने थांबून आधी स्टॅम्प ४ घ्यावा. त्या तीन महिन्यांत बाजारपेठेची चौकशी, हिशेब, अभ्यासक्रम हे सगळं करता येतं. फक्त विक्री सुरू करायची नाही.

कामावरून कमी केलं: पहिले २८ दिवस

आधी शब्द नीट समजून घ्या. रिडंडन्सी म्हणजे पद संपलं म्हणून माणूस कमी झाला. शिस्तभंगामुळे काढलं किंवा आपण राजीनामा दिला, तर ती रिडंडन्सी नव्हे. म्हणून 'तुम्हीच राजीनामा द्या, रेफरन्स चांगला देऊ' असं कोणी सुचवलं तर सही करू नका. राजीनाम्याने वैधानिक भरपाई जाते, भत्त्याला काही आठवड्यांची कात्री लागू शकते, आणि पर्मिटधारकाला मिळणारी सवलतीची मुदतही धोक्यात येते.

पत्र हातात आलं की त्यावर तीन गोष्टी आहेत का बघा: कारण म्हणून 'रिडंडन्सी' हा शब्द, नोकरीचा शेवटचा दिवस आणि भरपाईचा आकडा. नोटिशीचा काळ नोकरीच्या वर्षांवर ठरतो. दोन ते पाच वर्षं झाली असतील तर २ आठवडे, पाच ते दहा वर्षांना ४, दहा ते पंधरा वर्षांना ६ आणि त्यापुढे ८ आठवडे. करारात जास्त लिहिलं असेल तर करार धरायचा.

सलग १०४ आठवडे नोकरी झाली असेल तर वैधानिक भरपाई मिळते: दर वर्षाला दोन आठवड्यांचा पगार, आणि वर एक आठवडा. आठवड्याचा पगार कितीही असला तरी हिशेबाला कमाल ६०० युरो धरतात. समजा साडेसहा वर्षं नोकरी आणि आठवड्याला ९०० युरो पगार. साडेसहा गुणिले दोन म्हणजे १३, अधिक १ म्हणजे १४ आठवडे. १४ गुणिले ६०० म्हणजे ८,४०० युरो. या रकमेवर कर नाही. कंपनीने आपणहून वर काही दिलं तर त्यातले १०,१६० युरो आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ७६५ युरो करमुक्त असतात, त्यापलीकडे कर लागतो.

पैसे आले नाहीत तर आरपी ७७ हा फॉर्म भरून मालकाकडे लेखी मागणी करा. तरीही दाद लागली नाही तर वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे ऑनलाइन तक्रार करा. तिथे वकील लागत नाही, फी नाही. भरपाईच्या दाव्याला ५२ आठवड्यांची मुदत आहे. अन्यायाने काढलं असं म्हणायचं असेल, उदाहरणार्थ आपल्या जागी लगेच दुसरा माणूस घेतला, तर मात्र मुदत सहाच महिने. या दोन मुदतींची गल्लत फार होते. कंपनी दिवाळखोरीत गेली तर वैधानिक भरपाई सरकारी सोशल इन्शुरन्स फंडातून मिळते, आणि थकलेला पगार, रजेचे पैसे व नोटिशीचे पैसे इन्सॉल्व्हन्सी पेमेंट्स योजनेतून. त्यात पगाराची थकबाकी कमाल आठ आठवड्यांची, इथेही आठवड्याला ६०० युरोची मर्यादा.

मोठ्या संख्येने माणसं कमी करायची असतील तर कंपनीला ३० दिवस आधी कामगारांच्या प्रतिनिधींशी चर्चा करावी लागते आणि मंत्र्याला कळवावं लागतं. २०१५ मध्ये डब्लिनच्या ओकॉनेल स्ट्रीटवरचं क्लेरीज हे जुनं दुकान एका दिवसात बंद झालं आणि ४६० माणसं रस्त्यावर आली. त्यानंतर कायदा बदलायला नऊ वर्षं लागली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने दिवाळखोर कंपनीलाही ही ३० दिवसांची अट घातली. तेव्हा 'कंपनी बुडाली, नियम संपले' असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

*पर्मिटधारकाने लगेच करायचं काम.* नोकरी संपल्यापासून ४ आठवड्यांच्या आत एंटरप्राइझ खात्याच्या एम्प्लॉयमेंट पर्मिट विभागाला रिडंडन्सीची सूचना देणारा फॉर्म पाठवा. सोबत मालकाचं पत्र जोडा. मालक कळवेल या भरवशावर राहू नका, हे काम तुमचं आहे. असं कळवलं की नवी नोकरी शोधायला सहा महिने मिळतात, आणि नव्या पर्मिटसाठी स्थानिक उमेदवार मिळत नसल्याची जाहिरात-चाचणी नव्या मालकाला करावी लागत नाही. नव्या मालकाला ही गोष्ट मुलाखतीतच सांगा. पर्मिटच्या कटकटीला भिणाऱ्या छोट्या कंपन्या त्यामुळे तयार होतात. दरम्यान आयआरपी कार्डाची तारीख संपत असेल तर ते प्रकरण वेगळं आहे, ते इमिग्रेशन खात्याकडे वेगळंच हाताळायचं. सहा महिन्यांची मुदत म्हणजे कार्ड आपोआप वाढलं असं नाही.

भत्ता: बेकारीच्या पहिल्याच दिवशी अर्ज

३१ मार्च २०२५ पासून नोकरी जाणाऱ्यांसाठी पगाराच्या प्रमाणात भत्ता सुरू झाला आहे. त्याआधी ठरावीक दरांनीच रक्कम मिळत असे. आता पाच वर्षांचं, म्हणजे २६० आठवड्यांचं पीआरएसआय (पगारातून कापला जाणारा सामाजिक विमा) भरलेलं असेल तर पहिले तीन महिने पगाराच्या ६० टक्के, कमाल आठवड्याला ४५० युरो. पुढचे तीन महिने ५५ टक्के, कमाल ३७५. त्यापुढचे तीन महिने ५० टक्के, कमाल ३००. दोन ते पाच वर्षांचं पीआरएसआय असेल तर सहा महिने ५० टक्के, कमाल ३००. किमान रक्कम १२५ युरो. हा लाभ तुम्ही भरलेल्या विम्यावर मिळतो, घरची मिळकत बघून नव्हे. जोडीदार कमावता आहे म्हणून अर्ज टाळू नका.

इथे आपल्या लोकांकडून ठरून होणारी चूक अशी: नोकरी गेली, मन विटलं, 'आता दोन-तीन महिने घरी जाऊन येऊ, मग बघू' म्हणून माणूस भारतात जातो. या भत्त्याची अट अशी आहे की अर्जाच्या आधीच्या १० आठवड्यांत किमान ४ आठवड्यांचं पीआरएसआय भरलेलं असलं पाहिजे. तीन महिन्यांनी परतून अर्ज केला तर हा भत्ता बसत नाही. आधी अर्ज करा. भत्ता सुरू असताना वर्षाला दोन आठवडे सुट्टीवर जाता येतं, इंट्रिओला आधी कळवून. त्याहून जास्त राहिलात तर पैसे थांबतात.

अर्ज मायवेल्फेअर या सरकारी पोर्टलवर करायचा. त्यासाठी पडताळलेलं मायगव्हआयडी खातं लागतं आणि त्यासाठी पब्लिक सर्व्हिसेस कार्ड. हे कार्ड नोकरी असतानाच काढून ठेवा. नसेल तर अपॉइंटमेंट, फोटो, पत्त्याचा पुरावा यात दिवस जातात. सोबत पीपीएस नंबर (सरकारी ओळख क्रमांक), रिडंडन्सीचं पत्र, शेवटच्या पगाराच्या चिठ्ठ्या, बँक खात्याचा आयबॅन आणि आयआरपी कार्ड तयार ठेवा. पुढे इंट्रिओचा केस ऑफिसर भेटायला बोलावतो. नोकरी शोधत असल्याचा पुरावा मागतात, म्हणून पाठवलेल्या अर्जांची तारीखवार नोंद ठेवा. भेट चुकवली तर भत्ता कापला जातो.

 

प्रशिक्षण: कोणता मार्ग कोणाला

कोर्स निवडण्याआधी आपली भारतातली पदवी इथल्या मापात कुठे बसते ते बघा. आयर्लंडमध्ये एनएफक्यू नावाची दहा पायऱ्यांची चौकट आहे, आणि नॅरिक आयर्लंडच्या संकेतस्थळावरून परदेशी पदवीचं तुलनापत्र फुकट उतरवून घेता येतं. तीन वर्षांची बी.कॉम. आणि चार वर्षांची बी.ई. एकाच पायरीवर बसतील असं धरून चालू नका. हे पत्र नोकरीच्या अर्जालाही जोडता येतं.

पदवीधर असाल आणि क्षेत्र बदलायचं असेल तर स्प्रिंगबोर्ड प्लस बघा. २०११ मध्ये मंदीच्या काळात सुरू झालेली ही योजना विद्यापीठांतले सहाव्या ते नवव्या पायरीचे कोर्स देते: डेटा, सायबर सुरक्षा, औषधनिर्मितीतली गुणवत्ता, हरित बांधकाम वगैरे. बेरोजगाराला आणि घरसंसारामुळे काम सोडून पुन्हा कामावर येऊ पाहणाऱ्याला फी नाही. नोकरीत असलेल्याला सातव्या ते नवव्या पायरीच्या कोर्सची ९० टक्के फी सरकार देतं, १० टक्के आपण. बिगर-युरोपीय नागरिकाला साधारणपणे स्टॅम्प ४ असावा लागतो, आणि गेल्या पाच वर्षांतली तीन वर्षं युरोपात राहिल्याचा पुरावा मागतात. भारतातून येऊन दीडच वर्ष झालं असेल तर इथे वेळ घालवू नका.

हाताला काम लवकर हवं असेल तर ईटीबीचे कोर्स जास्त उपयोगी, असं आमचं स्पष्ट मत आहे. फेच कोर्सेस (FETCH Courses) या सरकारी यादीत आपल्या काउंटीचं नाव टाकून शोधता येतं. स्टॅम्प १जीवर आलेल्या बायकांना केअर (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल) आणि बालसंगोपन या दोन क्षेत्रांत काम पटकन मिळतं. दोन्हीकडे क्यूक्यूआय या सरकारी संस्थेचं पाचव्या पायरीचं प्रमाणपत्र लागतं. पूर्ण प्रमाणपत्र १२० क्रेडिटचं, साधारण १५ क्रेडिटचे आठ विषय. एकेक विषय करत दोन वर्षांत पुरा करता येतो. अडतं ते प्रात्यक्षिक कामाच्या वेळी, कारण तिथे गार्डा व्हेटिंग (आयरिश पोलिसांची पडताळणी) लागतं आणि परदेशात राहिलेल्याकडून त्या देशाचं पोलीस क्लिअरन्स मागतात. भारताचं पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र कोर्सच्या पहिल्या आठवड्यातच मागवायला टाका. नाहीतर वर्ग संपतो आणि प्लेसमेंट अडकून पडते. कोर्सला नाव घालताना तुमच्या स्टॅम्पवर फी लागते का, हेही ईटीबीकडून लेखी विचारून घ्या.

बांधकामावर जायचं असेल तर सेफ पास हे एका दिवसाचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, कार्ड चार वर्षं चालतं. सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांची अप्रेंटिसशिप चार वर्षांची, सात टप्प्यांची: चार टप्पे कामावर, तीन वर्गात. कामाच्या टप्प्यांत पगार मालक देतो, वर्गाच्या टप्प्यांत भत्ता ईटीबी. यात आधी मालक शोधायचा असतो, कोर्स नंतर.

इंट्रिओवर नाव असलेल्याला ट्रेनिंग सपोर्ट ग्रँट म्हणून वर्षाला १,००० युरोपर्यंतची फी मिळू शकते. पण केस ऑफिसरने हो म्हटल्यावरच. आपण आधी फी भरली आणि पावती घेऊन गेलो तर पैसे मिळत नाहीत. दीर्घ मुदतीचं शिक्षण घ्यायचं असेल तर बॅक टू एज्युकेशन अलाउन्स आहे. वय २१ पूर्ण हवं आणि एरवी पदवी-कोर्ससाठी नऊ महिने भत्त्यावर असावं लागतं. वैधानिक रिडंडन्सी मिळालेल्याला मात्र ही नऊ महिन्यांची थांबणूक लागत नाही, फक्त कोर्स सुरू होण्याआधी भत्ता मंजूर झालेला असला पाहिजे. ही सवलत फारशी कोणी सांगत नाही, म्हणून आपणच विचारायची.

नोकरीत असाल तर नोकरदारांच्या कोर्सांसाठीची दोन नावं लक्षात ठेवा: स्किल्स टू अॅडव्हान्स आणि स्किलनेट. यांचा पैसा कुठून येतो हे कळलं की मागताना संकोच राहत नाही. मालक तुमच्या पगारावर १ टक्का नॅशनल ट्रेनिंग फंडाला भरतो. कंपनी तो कर आधीच भरते आहे, मग तिच्या माणसांनी कोर्स मागणं रास्तच आहे.

धंदा काढताना: भत्ता न सोडता

स्टॅम्प ४ किंवा नागरिकत्व आहे असं धरून पुढचं लिहिलं आहे.

बेरोजगाराने धंदा सुरू केला की भत्ता बंद होतो, आणि त्याच वेळी धंद्यातून अजून काही येत नसतं. ही दरी भरायला दोन योजना आहेत. पीआरएसआयवर मिळणाऱ्या लाभावर असणाऱ्याला शॉर्ट टर्म एंटरप्राइझ अलाउन्स: थांबणूक नाही, लाभाची मुदत संपेपर्यंत, कमाल नऊ महिने. नऊ महिने भत्त्यावर काढलेल्याला बॅक टू वर्क एंटरप्राइझ अलाउन्स: पहिल्या वर्षी भत्त्याच्या १०० टक्के, दुसऱ्या वर्षी ७५ टक्के. धंद्यातली कमाई त्यातून वजा होत नाही. त्याखेरीज एंटरप्राइझ सपोर्ट ग्रँटमधून २४ महिन्यांत २,५०० युरोपर्यंत हत्यारं, छपाई, विमा असा खर्च बिलं दाखवून मिळतो.

या सगळ्याला एक अट आहे. लेखी मंजुरीच्या आधी धंदा सुरू झालेला नसावा. महसूल खात्यात नोंदणीची तारीख, पहिलं बिल, फेसबुकवर 'ऑर्डर घेत आहोत' अशी जाहिरात, यांतलं काहीही मंजुरीच्या आधीचं निघालं तर अर्ज अडकतो. योजना लिहून इंट्रिओकडे किंवा तिथल्या लोकल डेव्हलपमेंट कंपनीकडे द्या, होकार येऊ द्या, मग महसूल खात्यात नाव घाला.

नोंदणी सोपी आहे. स्वतःच्या नावाने धंदा करायचा तर फक्त महसूल खात्याची नोंदणी. वेगळं नाव लावायचं तर कंपनी नोंदणी कार्यालयात ऑनलाइन २० युरो. लिमिटेड कंपनीला ५० युरो, आणि किमान एक संचालक युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणारा. इथे राहण्याचा प्रश्न आहे, नागरिकत्वाचा नाही, त्यामुळे कॉर्कमध्ये राहणारा भारतीय पासपोर्टधारक चालतो. व्हॅटची नोंदणी १२ महिन्यांत मालाची विक्री ८५,००० किंवा सेवांची विक्री ४२,५०० युरोच्या पुढे जाणार असेल तर सक्तीची.

लिओ ऑफिस: अनुदान कोणाला मिळतं, कोणाला नाही

दहा माणसांपर्यंतच्या धंद्यांसाठी २०१४ पासून ही कार्यालयं चालतात. सल्ला, मेंटर आणि 'स्टार्ट युअर ओन बिझनेस' हा अल्प फीचा कोर्स सगळ्यांना मिळतो. रोख अनुदान सगळ्यांना मिळत नाही, आणि गैरसमज इथेच होतो.

सरकारचा विचार असा: एका गावात तिसरं सलून अनुदान देऊन उघडलं तर पहिल्या दोघांची गिऱ्हाइकं तिसऱ्याकडे जातील, नवा रोजगार निर्माण होणार नाही. म्हणून दुकान, हॉटेल, टेकअवे, सलून, अकाउंटंट, वकील, स्थानिक बांधकाम यांना अनुदान नसतं. माल बनवणाऱ्याला, किंवा देशाबाहेर विकता येईल अशी सेवा देणाऱ्याला असतं. मराठी माणसाच्या दृष्टीने फरक असा: लिमरिकमध्ये मिसळ-वडापावचं दुकान टाकलं तर सल्ला आणि कर्ज मिळेल, अनुदान नाही. गोडा मसाला, मेतकूट, चटण्या पाकिटबंद करून देशभरातल्या दुकानांना पुरवायच्या असतील तर तोच माणूस अनुदानाला पात्र ठरू शकतो.

तीन अनुदानं मुख्य आहेत. बाजारपेठेची चाचणी, नमुना-उत्पादन यासाठी फीजिबिलिटी ग्रँट, १५,००० युरोपर्यंत. धंदा सुरू झाल्यापासून पहिल्या १८ महिन्यांत प्रायमिंग ग्रँट, आणि त्यानंतर बिझनेस एक्सपान्शन ग्रँट. या दोन्हींत खर्चाच्या ५० टक्के, साधारण ८०,००० युरोपर्यंत. १८ महिन्यांचा दिवस उलटला की प्रायमिंगचं दार बंद, तेव्हा अर्ज चौदाव्या-पंधराव्या महिन्याच्या आत समितीपुढे जाईल असं बघा. समिती रोज बसत नाही. याखेरीज वेबसाइट आणि सॉफ्टवेअरसाठी ग्रो डिजिटल व्हाउचर आहे, निम्मा खर्च, ५,००० युरोपर्यंत. वीज वाचवणाऱ्या यंत्रांसाठी ७५ टक्के, १०,००० युरोपर्यंत.

अर्जाला लागतं ते असं: तीन वर्षांचा जमाखर्चाचा अंदाज, यंत्रांची कोटेशनं, टॅक्स क्लिअरन्स, स्वतःचे पैसे आहेत याचा बँकेचा पुरावा. शेवटचं महत्त्वाचं, कारण अनुदान आगाऊ मिळत नाही. समजा ८,००० युरोचं पॅकिंग यंत्र घ्यायचं आहे. त्यावर २३ टक्के व्हॅट १,८४०. म्हणजे आधी ९,८४० युरो आपल्या खिशातून जाणार. मग बिल आणि बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा दिल्यावर ४,००० परत येणार. व्हॅटवर अनुदान नाही. रोखीने दिलेला पैसा धरत नाहीत. आणि यंत्राची ऑर्डर मंजुरीपत्राच्या तारखेच्या आधी दिलेली असेल, नुसती अनामत भरलेली असली तरी, तो खर्च बाद होतो.

मधल्या काळाच्या पैशासाठी मायक्रोफायनान्स आयर्लंडचं विनातारण कर्ज बघा. २,००० ते २५,००० युरो हा नेहमीचा टप्पा. बँकेने नाही म्हटलेल्यांसाठीच ते २०१२ मध्ये सुरू झालं. थेट अर्ज न करता लिओ ऑफिसमार्फत केला तर व्याज एक टक्क्याने कमी लागतं, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

खाण्याचा माल असेल तर

सुरुवातीच्या किमान २८ दिवस आधी एचएसई या सरकारी आरोग्य संस्थेच्या पर्यावरण आरोग्य सेवेकडे अन्नधंद्याची नोंद करा. घरचं स्वयंपाकघर असलं तरी. निरीक्षक येऊन बघतो: हात धुवायचं वेगळं बेसिन, कच्च्या-पक्क्याची वेगळी जागा, फ्रिजच्या तापमानाची रोजची नोंद, आणि एचएसीसीपी पद्धतीने (अन्नातले धोके ओळखून ते कसे टाळणार ते) लिहिलेला कागद.

लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे आणि युरोपीय यादीतले १४ अॅलर्जीकारक पदार्थ ठळक अक्षरांत. महाराष्ट्रीय मालात यातले बरेच असतात: तीळ, मोहरी, शेंगदाणे, काजू, गहू. एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. बाजारातल्या डबीतला हिंग बहुधा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. तो घातलेल्या मसाल्यावर 'ग्लुटेन नाही' असं छापलं तर सीलिअॅक माणसाच्या जिवाशी खेळ होतो आणि माल बाजारातून परत घ्यावा लागतो. तांदळाच्या पिठातला हिंग मागवा, पुरवठादाराकडून तसं लेखी घ्या. गोड्या मसाल्यातले तीळही ठळक हवेत.

व्हॅटचा दर पदार्थागणिक बदलतो. बहुतेक खाद्यपदार्थांना शून्य दर आहे, पण खारे शेंगदाणे २३ टक्क्यांत येतात. महसूल खात्याच्या व्हॅट दरांच्या यादीत प्रत्येक माल शोधून मगच विक्रीची किंमत छापा. किरकोळ दुकानाला त्याचा नफा धरून दिलेली किंमत नंतर २३ टक्क्यांनी वाढवता येत नाही. दुकानात पोचायचं असेल तर लिओ ऑफिस, बोर्ड बिया (सरकारी अन्न मंडळ) आणि सुपरव्हॅल्यू ही दुकानांची साखळी यांचा फूड अकॅडमी कार्यक्रम आहे. निवड झालेल्याला आधी जवळच्या मोजक्या दुकानांत जागा मिळते. सुरुवातीला एवढीच जागा बरी, कारण २०० दुकानांना पुरेल एवढा माल करताना छोट्या कारखान्याचं भांडवलच संपून जातं.

शहराबाहेर राहत असाल तर

गेल्टाख्त, म्हणजे मुख्यतः पश्चिमेकडचे आयरिश बोलणारे भाग: तिथे १९८० पासून ऊदरास ना गेल्टाख्ता ही वेगळी संस्था धंद्यांना मदत करते. तिचं मुख्य कार्यालय गॉलवेजवळ फरबोला आहे. जीटेक नावाची तिची डिजिटल केंद्रं दूरस्थ नोकरी करणाऱ्यांना टेबल आणि वेगवान इंटरनेट देतात. तिथे राहायला जाणार असाल तर थोडी आयरिश शिका, ते सगळ्यांना मनापासून आवडतं.

मिडलंड्स या मधल्या भागात पीट (दलदलीतलं मातीसारखं जळण) खणणं थांबलं. २०२० च्या डिसेंबरात शॅननब्रिज आणि लेन्सबरोची पीटवरची वीजकेंद्रं बंद झाली, पुढच्याच महिन्यात बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने पीट काढणं संपल्याचं जाहीर केलं. या पट्ट्यासाठी युरोपीय जस्ट ट्रान्झिशन फंडातून, आयर्लंड सरकारचा निम्मा वाटा धरून, १६९ दशलक्ष युरोपर्यंत ठेवलेले आहेत. ऑफली, लाँगफर्ड, रॉसकॉमन इथे धंदा टाकणाऱ्याने लिओ ऑफिसात या निधीची चौकशी वेगळी करावी.

बाकी ग्रामीण भागात लीडर कार्यक्रम आहे, तो लोकल अॅक्शन ग्रुपमार्फत चालतो. इथे आधी इच्छापत्र, मग पूर्ण अर्ज, मग मंजुरी, मग करारावर सही. सही होईपर्यंत एक युरोही खर्च करू नका. कोटेशनं तीन लागतात आणि ती खरोखर वेगवेगळ्या पुरवठादारांची हवीत. एकाच मालकाच्या दोन फर्मांची निघाली तर तपासणीत पूर्ण दावा नाकारला जातो. इमारतीचं काम असेल तर प्लॅनिंग परवानगी अर्जाआधी हातात हवी, आणि ती मिळायला महिने लागतात, म्हणून ग्रामीण प्रकल्पाची सुरुवात कौन्सिलच्या प्लॅनिंग विभागापासून करा.